दुपारी पानं मलूल दिसली म्हणून मोटार चालू करू नका

मे महिन्यात दुपारी दोनला वावरात गेलं की संत्र्याची पानं द्रोणासारखी वळलेली दिसतात. जीव कासावीस होतो आणि हात मोटारच्या बटणाकडे जातो. माझाही जायचा. (पावसाळ्याच्या तोंडी फुलोरा, म्हणजे मृग बहार, घेणारे तेव्हा मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देत असतात, त्यांचं गणित वेगळं. हे अंबियावाल्यांसाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा धरणाऱ्यांसाठी.) पान पाहायचं ते सकाळी सहाला. तेव्हा ताठ असेल तर मुळाशी ओल आहे. दुपारी हवा जेवढं पाणी ओढते तेवढं मुळं पुरवू शकत नाहीत, एवढंच. सकाळीही मलूल असेल, तर वीतभर उकरून माती मुठीत दाबून पाहा. नुसत्या धास्तीने रोज पाणी सोडलं, तर बुंध्याशी डिंक्याला (साल कुजून डिंक गळण्याच्या रोगाला) आमंत्रण.

दुसरी चूक म्हणजे फक्त पारा पाहणं. मोबाइलवर आर्द्रतेचाही आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. पानाच्या आतली हवा जवळपास १०० टक्के दमट असते. बाहेरची जितकी कोरडी, तितकी ओढ जास्त. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर ही ओढ साधारण ०.८५ किलोपास्कल (हे दाबाचं एकक). मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के असली, तर ५.९. म्हणजे सातपट! मे महिन्यात गारवा देणारा कूलर जुलैत नुसता चिकचिक का करतो, त्याचंही कारण हेच.

हे आकडे पान हवेइतकंच तापलंय असं धरून आहेत. पण ओढ वाढली की पान आपली रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं खरं, पण घाम थांबलेल्या अंगासारखं पान तापतं. तेच पान ४५ अंशांवर गेलं की ओढ ८.१ होते. म्हणून पान थंड ठेवणं महत्त्वाचं: १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी), फवारणी सकाळी. पांढऱ्या थरावरून ऊन परततं. भर दुपारी फवारलं तर थेंब पानावरच आटून द्रावण तीव्र होतं. रोपांवर हिरवी जाळी लावताना चारही बाजू बंद करू नका, आत भट्टी होते.

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मात्र उलटा घोळ होतो. पावसाच्या खंडानंतर सप्टेंबरात जोराचा पाऊस पडतो, लगेच कडक ऊन निघतं आणि बोंडांनी लदलेली झाडं एकाएकी माना टाकतात. हा आकस्मिक मर. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं गुदमरलेली असतात आणि वरून हवा ओढतच असते. पाणी समोर असून झाड तहानलेलं. अशा वेळी ओलीत करणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. आधी चर काढून वावरातलं पाणी बाहेर काढा.