इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

नांदेडात मी कॅडचे, म्हणजे कॉम्प्युटरवर इंजिनिअरिंगची ड्रॉइंग काढायचे, वर्ग घेतो. प्रवेशफेऱ्या आटोपल्या की परभणी, हिंगोली, लातूर, कंधार, देगलूर अशा सगळीकडची मुलं नवा लॅपटॉप पाठीवर टाकून वर्गात येतात आणि दिवाळी व्हायच्या आत त्यातलीच काही जण तोंड पाडून समोर उभी राहतात. "सर, लई हँग होऊलालंय." त्या लॅपटॉपच्या मागे घरच्यांची सोयाबीनची पट्टी असते, नाहीतर बापाने सोसायटीकडून उचललेले पैसे असतात. दुकानात दोन प्रश्न नीट विचारले असते तर हे टळलं असतं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

मुलांना हवं काय असतं तर मॉडेल आणि ड्रॉइंग काढायला सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, भार-ताणाचं गणित करायला थोडं अॅन्सिस, रात्री मित्रांबरोबर तासभर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखा गेम, आणि एसटीतून नेता येईल एवढं वजन. ही मागणी वाजवी आहे आणि ती पुरी होते. तरीही माणसं चुकतात, आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतात.

ग्राफिक्स कार्डाचं नाव पाहिलं, वॅट विचारलेच नाहीत

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मानवतकडची एक मुलगी, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष. चौदा इंची, बारीक, दिसायला देखणा लॅपटॉप, त्यात एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०५० कार्ड, म्हणजे चित्रांचं काम करणारी वेगळी चिप. तिच्या प्रोजेक्टमधल्या जोडीदाराचा लॅपटॉप जाड, सव्वादोन किलोचा, पण कार्ड तेच, रॅम तेवढीच, आणि किंमत तिच्यापेक्षा कमी. दोघांचा प्रोजेक्ट पेरणी यंत्राचा. एकाच असेंब्लीचं, म्हणजे सगळे पार्ट जोडलेल्या मॉडेलचं, रेंडर (खऱ्यासारखं चित्र) दोघांनी लावलं. त्याचं पंचवीस मिनिटांत झालं. तिचं पाऊण तास उलटला तरी चालूच. अॅन्सिसचंही तसंच, रात्री बरं चालायचं आणि दुपारी मान टाकायचं. आपण सेटिंगमध्ये काहीतरी चुकलो असं समजून ती आठवडाभर त्याच्याशी झटत होती. रडकुंडीला आली होती.

मी दोन्ही लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडलं. त्यात सिस्टिम इन्फर्मेशन असतं, तिथे कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात ते दिसतं. त्याच्याकडे ९५, तिच्याकडे ४५. एका नावाची ही दोन वेगळी कार्डं म्हणायची. लॅपटॉपमधल्या ४०५० ला कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही देऊ शकते, आणि डब्यावरच्या स्टिकरवर मात्र फक्त '४०५०' छापलेलं असतं. पूर्वी कमी वॅटच्या कार्डाला 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव असायचं. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपमध्ये आली तेव्हा नावातला तो फरक गेला आणि गिऱ्हाइकाला ओळखायची सोपी खूणही गेली. तिच्या वडिलांनी दुकानदाराला विचारलं होतं, "पोरीच्या प्रोजेक्टला चालंल ना?" त्याने स्टिकरवर बोट ठेवलं. एवढ्यावर व्यवहार झाला.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर बेचाळीस सहज होतं. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. आता हिशेब बघा. खोली २५ अंशांवर असेल तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो, खोली ४२ वर असेल तर ५८ चा. उष्णता किती निघून जाणार हे या फरकावर ठरतं, म्हणजे थंडाव्याची जवळजवळ एक चतुर्थांश ताकद आपली खोलीच खाते. जाड लॅपटॉपमध्ये मोठे पंखे आणि तांब्याच्या जास्त नळ्या असतात, तो हे सोसतो. बारीक लॅपटॉपकडे आधीच काही शिल्लक नसतं.

तिचा लॅपटॉप परत घ्यायची मुदत गेली होती. मग मी स्वतःच्या मशीनवर जे करतो तेच तिला करून दिलं. मागच्या कडेखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं, म्हणजे खालून हवा खेळते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के, त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, गरमी एकदम उतरते, आणि लांबलेल्या कामात वेग एकसारखा टिकतो. अॅन्सिसचं मोठं गणित सोडवायला रात्री लावायचं. कूलरच्या खोलीत बसायचं, कारण आपला मे कोरडा असतो आणि पाण्याचा कूलर खोली चांगली उतरवतो, मात्र झोताच्या समोर लॅपटॉप ठेवायचा नाही. झोताबरोबर बारीक तुषार येतात. मी टेबल नेहमी झोताच्या तिरकं लावतो. एवढ्याने तिचा प्रोजेक्ट पार पडला. ४५ वॅटचं कार्ड मात्र ४५ वॅटचंच राहिलं.

म्हणून दुकानात जाण्याआधी त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत कार्डाचे वॅट शोधा. 'टीजीपी' या नावाने ते दिलेले असतात. मेकॅनिकलवाल्याने सत्तरच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. आणि वजन बघताना लॅपटॉप चार्जरसकट काट्यावर ठेवा. दोन किलोच्या लॅपटॉपबरोबर सहाशे ग्रॅमची वीट येत असेल तर देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात तुम्ही दोन किलो सहाशे उचलणार आहात. माझ्या पाहण्यात पावणेदोन ते दोन किलोचा, चौदा ते सोळा इंची, थोडा जाडसर लॅपटॉप या कामाला सगळ्यात जास्त साथ देतो.

गरज नसताना कार्ड

सिव्हिलवाले आणि कॉम्प्युटरवाले, हे तुमच्यासाठी. इमारतींच्या रचनेची स्टॅड, ईटॅब्स ही सॉफ्टवेअरं, द्विमितीय ऑटोकॅड, प्रोग्रॅमिंग, यातल्या कशालाच वेगळं कार्ड लागत नाही. व्हॅलोरंटसारखा गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चांगला चालतो, फक्त रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. एकाच पट्टीवर त्या ग्राफिक्सचा श्वास कोंडतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलात की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. एक रिकामा असेल तर पट्टी टाकून घ्या, खर्च थोडा आणि फरक मोठा. रेव्हिट, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या सिव्हिलवाल्यांनी मात्र बेताचं कार्ड घ्यायला हरकत नाही.

लगेच फॉरमॅट

ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. लॅपटॉप रेंगाळला की दुसऱ्या मिनिटाला मुलगा म्हणतो, "फॉरमॅट मारतो." काय बिघडलंय ते बघायचा धीर नाही.

मागच्या हिवाळ्यात अंतिम वर्षाचा एक मुलगा आला. लॅपटॉप चांगला, कार्ड ऐंशी वॅटचं, माझ्याच सांगण्यावरून घेतलेला. "सर, सॉफ्टवेअर उघडना झालंय. गेम तर चालतच नाही." त्याने तोवर तीनदा फॉरमॅट मारलं होतं. तिसऱ्या वेळी डी ड्राइव्हही गेला आणि त्यात प्रोजेक्टच्या सगळ्या फाइली होत्या. तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर. मी लॅपटॉप हातात घेतला, त्याला म्हटलं, चार्जर लाव. त्याने बॅगेतून छोटासा टाइप-सी चार्जर काढला, ६५ वॅटचा.

"तुझा मूळचा कुठंय?"

"रूमवर आहे सर. जड आहे म्हणून आणत नाही. ह्यानं पण चार्ज होतंय की."

चार्ज होतं, खरं आहे. पण त्या लॅपटॉपचा मूळ चार्जर १८० वॅटचा. ६५ वॅटवर तो बॅटरी भरतो, बसल्या कामाला पुरतो, आणि भार आला की प्रोसेसर आणि कार्ड दोघांचे पाय बांधून टाकतो. मी त्याला रूमवर पाठवलं, वीट आणायला लावली, लावली, आणि सॉलिडवर्क्स पहिल्यासारखं उघडलं. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून काहीच बिघडलं नव्हतं. त्या नऊ रात्री त्याने गिअरबॉक्सची एकोणीस पार्ट पुन्हा काढली. मी रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसायचो, कारण त्याचा धीर सुटला होता.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी 'स्लो' म्हणत आलं की मी ठरलेल्या क्रमाने बघतो. आधी चार्जर मूळचा आहे का आणि नीट बसलाय का. मग बॅटरीवर चाललंय का, कारण चार्जर काढला की एनव्हिडियाचं कार्ड गेमला सेकंदाला ३० फ्रेमवर बांधून ठेवू शकतं आणि पोरांना वाटतं गेम बिघडला. मग टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रॅम कुठल्या ग्राफिक्सवर चाललाय ते. प्रोसेसेसच्या यादीत 'जीपीयू इंजिन' असा रकाना असतो. मोठं कार्ड रिकामं बसलंय आणि सॉलिडवर्क्स प्रोसेसरच्या छोट्या ग्राफिक्सवर धडपडतंय, हे मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे तो प्रोग्रॅम निवडायचा आणि 'हाय परफॉर्मन्स' करायचं. त्यानंतर रॅम भरलीय का. अॅन्सिसला रॅम कमी पडली की ते डिस्कवर लिहू लागतं, आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं. शेवटी पंखा. हे सगळं झाल्यावर फॉरमॅटचा विचार, आणि त्याच्याही आधी फाइलींची प्रत बाहेर काढणं.

पंख्यावरून आठवलं. जिनिंगच्या भागातल्या मुलांनो, तुमच्या घरी हवेत कापसाचा धुरळा असतो. जालन्याकडच्या एका मुलाचा लॅपटॉप उघडला तर हवा बाहेर पडायच्या जाळीवर आतून कापसाची गादीच बसली होती. हंगाम संपला की एकदा साफ करून घ्या. आणि लॅपटॉप गोधडीवर ठेवून वापरू नका, खालची भोकं बंद होतात.

बाकीच्या, थोडक्यात

'आय ७ आहे' एवढ्यावर भुलू नका. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी वॅटचा, एच किंवा एचएस म्हणजे दमदार. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो. ७५२०यू यातला २ म्हणजे झेन २, जुनी रचना, आणि ७८४०एचएस यातला ४ म्हणजे झेन ४. दोन्हींची सुरुवात सातानेच होते.

सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल काढायचं काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. सोळा कोअरसाठी जास्तीचे पैसे घालून त्यात फारसा उपयोग नाही.

मॅकबुक चांगली वस्तू आहे, पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, रेव्हिट, स्टॅड, ईटॅब्स यांची मॅकवरची आवृत्तीच नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप हलके आहेत, बॅटरीही दिवसभर पुरते, तरी इंजिनिअरिंगच्या सॉफ्टवेअरसाठी आज ते घेऊ नका.

आठ जीबी रॅम नको. सोळा घ्या, आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही हे घेण्याआधी समजून घ्या. डिस्क ५१२ जीबीच्या खाली नको. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एक टीबीच घ्यावी, चिप डिझाइनचं एकटं व्हिवाडो कितीतरी जागा खातं.

क्रॅक, म्हणजे परवाना मोडून वापरलेलं सॉफ्टवेअर. याबद्दल मी वर्गात कडक बोलतो आणि इथेही तेच सांगतो. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं इतकंच. अॅन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही फुकट आहे. तरी मुलं मित्राच्या पेनड्राइव्हवरून क्रॅक टाकतात, अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं की निमूट बंद करतात, आणि मग लॅपटॉप आपोआप गरम का होतो म्हणून विचारतात. दहा मिनिटांची नोंदणी टाळण्यासाठी आपलं मशीन कुणाच्या हातात देताय याचा विचार करा.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार हॉस्टेलवरून खूप येते. बहुतेक वेळा सॉकेटला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांची जोडणी लावलेली असते. लॅपटॉप बदलायला धावू नका, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

आणि नवा लॅपटॉप आला की परत करायची मुदत संपायच्या आत त्याला घामटा काढा. मी पहिल्या तीन दिवसांत हे करतो: पॅकिंग फेकत नाही, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधले वॅट माहितीपत्रकाशी ताडून बघतो, भरदुपारी पंखा लावलेल्या साध्या खोलीत अर्धा तास रेंडर आणि त्यानंतर अर्धा तास गेम चालवतो, आणि दर दहा मिनिटांनी टास्क मॅनेजरमधला वेग वहीत लिहितो. पहिल्या दहा मिनिटांचा आकडा आणि शेवटचा आकडा यांत फार अंतर पडलं तर बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकानात उभा राहतो.