मस्कोव्ही बदकांचा रंग बघून निर्णय घेताय? या चुका टाळा

परसात मस्कोव्ही बदकं पाळणारे रंगाच्या बाबतीत फार घाई करतात. पांढऱ्या जोडीच्या पिल्लाच्या टाळूवर काळा डाग दिसला की विकणाऱ्याशी भांडण सुरू. काळ्या जोडीला चॉकलेटी पिल्लू झालं की चांगला नर बाजारात जातो. दोन्ही वेळा पक्षी निर्दोष असतो.

पहिली चूक म्हणजे पिल्लाच्या पहिल्या पिसांवर भरवसा ठेवणं. पांढऱ्या मस्कोव्हीच्या टाळूवरचा काळा डाग बहुतेक वेळा मोठेपणची पिसं आली की जातो. काळ्या पिल्लाच्या पंखावर सुरुवातीला पांढरं जवळजवळ नसतंच, ते वयाबरोबर पसरतं. काहींचं डोकंही हळूहळू पांढरं होत जातं. तो म्हातारपणाचा किंवा रोगाचा परिणाम नसून आईबापाकडून आलेला गुण असतो. अंगावर आडवे पट्टे असलेली पिल्लंही मोठी झाल्यावर सरळ एकरंगी दिसू शकतात. म्हणून पायात रंगीत कडी घाला, फोटो काढून ठेवा आणि पूर्ण पिसं येईपर्यंत कुणालाही काढून टाकू नका.

मोठ्या पक्ष्याचा रंग उतरला तर आधी एक पीस हातात घ्या. दुसऱ्या पिसाखाली झाकलेला भाग काळा आणि उघडं टोक तपकिरी असेल, तर ते उन्हाने विटलंय. पिसं झडून नवी आली की रंग परत येतो. कोकणात पांढरी बदकं तांबूस दिसली तर ती जांभ्याची माती असते. डोकं बुडेल एवढं स्वच्छ पाणी द्या, फरक दिसेल. पण वाढत्या पिल्लांच्या गडद पिसांत नव्याने फिके पट्टे येत असतील, तर खाद्याकडे बघा. नुसती कणी आणि कोंडा यांवर त्यांना पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. ही तक्रार मात्र गंभीर आहे, तिथे थांबू नका.

आता चॉकलेटी रंगाचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. हा रंग लिंगाशी जोडलेला आहे. नराकडे या गुणाच्या दोन प्रती असतात, मादीकडे एकच. त्यामुळे मादीत चॉकलेटी लपून राहू शकत नाही. असेल तर दिसतोच. नरात मात्र एक प्रत काळ्याआड दडते. काळ्या जोडीत चॉकलेटी पिल्लू आलं, तर ते बापाकडून आलंय, आणि पिल्लू हमखास मादी आहे. मादीला दोष देण्यात अर्थ नाही. उलट चॉकलेटी नर आणि काळी मादी लावली, तर सगळ्या माद्या चॉकलेटी आणि सगळे नर काळे निघतात. अंड्यातून बाहेर आल्या आल्या नर-मादी ओळखायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

निळसर रंगाचं गणित वेगळं. निळसर नर, निळसर मादी म्हणून सगळी पिल्लं निळसर होतील, अशी अपेक्षा धरू नका. सरासरीने अर्धी निळसर, पाव काळी आणि पाव चंदेरी होतात. सगळीच निळसर हवी असतील तर चंदेरी आणि काळी अशी जोडी लावा. आणि हे प्रमाण सरासरीचं आहे. एका रवणीत दहा-बारा पिल्लं असतात, त्यांत ते चुकणारच. 35 दिवस वाट बघून निघालेल्या एका बॅचवरून जोडी नापास करू नका.

रंग पक्का करायच्या नादात सख्ख्या भावंडांच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावणं मला अजिबात पटत नाही. अंडी फुटेनाशी होतात, पिल्लं अशक्त निघतात.

बापच नक्की ठाऊक नसेल तर वरचं सगळं गणित फसतं. मादीच्या शरीरात नराचं वीर्य काही काळ टिकतं, म्हणून नर बदलल्यावर तीन-चार आठवडे अंडी रवायला ठेवू नका. अंगणात साधी गावठी बदकंही असतील तर माद्या वेगळ्या कोंडा. त्या संकरातून निघालेली पिल्लं मांसासाठी चांगली वाढतात, पण ती वांझ असतात. त्यांची अंडी रवणीला बसवून काही निघणार नाही.