मूल थेरपीला नेताना या चुका टाळा

पहिल्या भेटीत, मूल अजून आईच्या ओढणीआडून खोली न्याहाळत असते तेवढ्यात, वडील विचारतात, “मॅडम, किती सिटिंग लागतील?” नागपुरात लहान मुलांची विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हा प्रश्न मी २२ वर्षे ऐकत आले आहे. दाताला कॅप बसवायला किती सिटिंग लागतील ते सांगता येते. दोन वर्षांच्या मुलाने बसायला, बोलायला, बोट दाखवून मागायला शिकण्याचे तसे कोष्टक नसते. विकासात मागे पडत असलेल्या मुलाला पहिल्या काही वर्षांतच मदत सुरू करणे म्हणजे शीघ्र हस्तक्षेप, आणि ती आठवड्यातून दोनदा विकत आणण्याची वस्तू आहे असे समजणाऱ्यांकडून पुढच्या बहुतेक चुका होतात.

मला सर्वांत जास्त चीड येते ती ताट वाजवून घेतलेल्या कानांच्या परीक्षेची. मूल बोलत नाही म्हटले की घरातील कोणी तरी त्याच्या मागे जाऊन स्टीलचे ताट आपटते, मूल वळते आणि “ऐकू तर येते जी त्याला” असा निकाल लागतो. ताट, कुकरची शिटी, आपटलेले दार हे मोठे आवाज आहेत, आणि श्रवणशक्ती बरीच कमी असलेल्या मुलालाही ते कळू शकतात. शिवाय फरशी हादरलेली त्याला जाणवते, हाताची सावली दिसते आणि समोर बसलेल्या आजीची नजर कुठे गेली तेही दिसते. ‘स’ आणि ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे ताट सांगू शकत नाही. त्यासाठी ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी) आणि बेरा (आवाजाला श्रवणनस व मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) या तपासण्या आहेत. त्यांत सुई टोचत नाहीत, आणि बेरा तर लहान बाळ झोपलेले असतानाच केली जाते.

काही वर्षांपूर्वी उमरेडकडचे एक कुटुंब आले, तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षे सात महिन्यांचा होता. तोपर्यंत आजीने त्याच्या जिभेला नियमाने वेखंड उगाळून लावले होते, कोणाच्या तरी सल्ल्याने जिभेखालचा पडदाही कापून झाला होता, आणि “याचा बापही उशिराच बोलला” हे वाक्य घरात ठरलेले होते. वडिलांनी माझ्यासमोर मुलाच्या मागे जोरात टाळी वाजवून दाखवली आणि मुलगा वळला. मग मी सावली पडणार नाही अशा बेताने त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात त्याला नावाने हाक मारली. तो ठोकळे रचत राहिला. मी बिस्किटाचा कागद चुरगाळला, तरी तो ठोकळेच रचत राहिला. खोलीत कोणी काही बोलले नाही. पुढे बेरामध्ये दोन्ही कानांत तीव्र दोष निघाला.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवणसाधन) मिळण्यासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि त्याआधी श्रवणयंत्र लावून पाहणे, स्कॅन, लसी, कागदपत्रे असे बरेच काही उरकावे लागते. हे सगळे होण्याआधी त्या मुलाचा पाचवा वाढदिवस आला. श्रवणयंत्रे मिळाली, खुणा आणि काही शब्द आले, परंतु जी संधी दीड वर्षाचा असताना हाती होती, ती तोपर्यंत गेली होती. ऐकण्याच्या बाबतीत जगभर पाळला जाणारा नियम अगदी सोपा आहे: पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. म्हणूनच श्रवणतपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय मी बोलण्याचे काम पुढे नेत नाही. “आधी थेरपी सुरू करा, तपासणी नंतर करू” म्हणणारे पालक माझ्यावर रुसतात, आणि मी त्यांना रुसू देते.

“थोडी वाट पाहू” ही त्याच घरातली दुसरी चूक आहे. लसीकरणासाठी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले असते, पण त्यात वाढीचे टप्पेही छापलेले असतात हे पाहिलेले नसते. चार महिन्यांनंतरही मान सावरत नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे होऊनही बोट दाखवत नाही किंवा हाकेला ओ देत नाही, दीड वर्षानंतरही चालत नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, यांपैकी एखादी गोष्ट दिसली तर दाखवून घ्यावे. आलेले शब्द किंवा आलेली हालचाल गेली, तर वय न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. दाखवण्यासाठी आजाराचे नाव ठरण्याची वाट पाहू नये आणि थेरपी सुरू करण्यासाठीही पाहू नये. मान धरायला शिकवण्याचे काम निदानाच्या कागदावाचूनही सुरू होते.

कुठे दाखवायचे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्यातील पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासतात, आणि ज्यांना गरज आहे त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, पाठवतात. तेथील सेवा मोफत असते. ज्यांचे मूल खासगी रुग्णालयात जन्मले आणि अंगणवाडीत कधी गेलेच नाही, अशी शहरातील कुटुंबे नेमकी या वाटेवर सापडत नाहीत. त्यांनी आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतःहून विचारावे. नागपुरातील मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथेही बालरोग विभागातून पुढची वाट मिळते. सरकारी आहे म्हणून न पाहताच नाक मुरडणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेवरून मोजू नये. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून आठव्या महिन्यात सहाव्या महिन्याच्या मुलाचीच अपेक्षा ठेवावी, आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत चालतो. परंतु अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळांची त्याहूनही आधी करायची असते. तेथे “अजून लहान आहे” हे कारण चालत नाही.

आता माझ्या दुसऱ्या लाडक्या चुकीकडे येते. मूल आत आणि पालक बाहेर मोबाइलवर! ही चूक मी स्वतःही केलेली आहे. नागपुरातील महाल भागात राहणारा अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. आई जवळ असली की तो काही करायचा नाही, म्हणून मीच तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. सहा महिन्यांत तो माझ्या खोलीत रिंगा रचू लागला, चेंडूसाठी हात पुढे करून “दे” म्हणू लागला, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. एका दिवशी आई संकोचत म्हणाली, “मॅडम, घरी तर तो एक शब्दही काढत नाही.” माझा विश्वास बसेना, म्हणून मी रविवारी त्यांच्या घरी गेले.

तेथे पाच मिनिटांत सगळे कळले. मुलाने माठाकडे पाहिले की आजी पेला भरून त्याच्या ओठाला लावत होत्या. संत्रे सोलून, बिया काढून, फोडी वाटीत रचून त्याच्या पुढ्यात येत होत्या. “दे” म्हणण्याची पाळी त्या घरात त्याच्यावर येतच नव्हती, आणि माझ्या खोलीतला चेंडू त्या घरात नव्हता. मी वाटी माझ्याकडे घेतली, एक फोड त्याला दिली, दुसरी माझ्या तोंडाजवळ त्याला दिसेल अशी धरली आणि मनात दहापर्यंत मोजू लागले. सातव्या आकड्याला आजी म्हणाल्या, “देऊन टाका ना जी, रडन तो.” आणि तो रडलाच. वाटी उलटली, फोडी दिवाणाखाली गेल्या, आजी माझ्यावर रागावल्या. मी त्याला फोड दिली, कारण लेकराला रडवून शब्द काढणे मला मान्य नाही. मात्र थांबायचे कसे, किती आणि कुठे सोडून द्यायचे, हे आईने त्या दिवशी समोर पाहिले. पाच दिवसांनी तिचा फोन आला. “दे” आला होता, आणि तोही आजीकडे.

हिशेब करून पाहावा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास म्हणजे दीड तास. दिवसाला बारा तास जागे असणारे मूल आठवड्यात ८४ तास जागे असते. उरलेले साडेब्याऐंशी तास घरच्यांचे आहेत. त्या रविवारनंतर मी बाहेरचा बाक काढून टाकला. आता आईवडिलांपैकी एकाने आत सतरंजीवर बसावे लागते, शेवटची दहा मिनिटे मी हात मागे घेते आणि तेच काम त्यांच्याकडून करून घेते, आणि घरी जाताना एकच गोष्ट सांगते, जी अंघोळ, जेवण किंवा कपडे घालताना बसवता येईल. वेगळा “थेरपीचा तास” घरी लावू नये, तो आठवडाभरात बंद पडतो. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाने तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत, मागे वळून पाहत, चार घरे जाणे हा माझ्या मते तोल सांभाळण्याचा उत्तम सराव आहे, आणि त्यासाठी कोणी फी घेत नाही.

घरात मराठी, शेजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले, हा समज सोडून द्यावा. दोन भाषांमुळे बोलणे उशिरा येत नाही. “कम हिअर, सिट डाऊन” एवढ्याच इंग्रजीवर मूल वाढवणारे घर मात्र त्याच्याशी बोलणेच बंद करते, कारण हुकूम संपले की त्या भाषेत त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

स्वमग्नतेवर (ऑटिझमवर) स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती पाहून शेत विकायला निघू नये. अशा उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. दर दोन महिन्यांनी केंद्र बदलू नये. नव्या माणसाशी मुलाची ओळख होण्यातच महिना जातो. जन्मतः वाकड्या असलेल्या पावलाचे प्लास्टर निघाले म्हणून रात्रीचे बूट माळ्यावर टाकू नयेत. ते साधारण चार वर्षांच्या वयापर्यंत घालायचे असतात, नाही तर पाऊल पुन्हा वळते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर आजोळी खुशाल जावे, फक्त शिकवलेली ती एक गोष्ट सोबत न्यावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल दोन टोके दिसतात. काहींना “शिक्का बसेल” म्हणून ते नको असते, तर काही जण ते हाती येईपर्यंत थेरपीच सुरू करत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो. पण ती रांग वेगळी आणि थेरपीची रांग वेगळी, दोन्हींत एकाच वेळी उभे राहावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना जरूर पाहावी. तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नसते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

पहिल्या भेटीला येताना जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचे कार्ड आणि मूल घरी जेवताना काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ आणावा, कारण माझ्या खोलीत पहिल्या दिवशी कोणतेही मूल स्वतःसारखे वागत नाही. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावावेत. त्यांना लॅमिनेशन करू नये, कारण त्यावर पुढे सही होत नाही आणि शिक्काही उमटत नाही.