भाऊबीजेला मसाल्याचे वॅफल करालाय? चपातीचा डबा लांब ठेवा

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, की भाऊबीजेच्या सकाळी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात चिवड्याच्या डब्याकडं कोण ढुंकून बघत नाही. नणंद पुण्याहून पोरांना घेऊन आलेली असते, पोरं अंगणात किल्ल्यावरच्या मावळ्यांची भांडणं सोडवत असतात आणि आठ वाजले की सगळे स्वयंपाकघरात डोकावून "आज काय?" म्हणून विचारालेत. पोहे नको, उपमा नको, चकली तर डोळ्यासमोर पण नको. म्हणून गेली तीन वर्षं त्या दिवशी मी वॅफल करतो, म्हणजे खाचा असलेल्या यंत्रात दोन्हीकडनं दाबून भाजलेला जाड कुरकुरीत घावनच म्हणा. (होय, बाई असून 'करतो'. बेळगावात आम्ही बायका असंच बोलतो. नणंद आता पुण्याची झाल्यापासून हसते, लग्नाआधी ती पण 'मी आलो, मी गेलो'च म्हणायची.)

पहिल्या वर्षी माझी जी फजिती झाली ती आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यातच आहे. पीठ झक्कास झालेलं, वॅफल मस्त तांबूस कुरकुरीत निघाले, पहिले दोन काढून ताटात ठेवले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं डब्यात घाल की, गार होतील." बरोबरच वाटलं मला. चपात्या आपण तशाच ठेवतो ना, फडक्यात गुंडाळून, डब्यात, वर झाकण. मी एकावर एक बारा वॅफल रचले, झाकण घट्ट लावलं, आणि सगळे पाटावर बसल्यावर उघडलं तर आत सगळा घाम. वॅफल ओल्या पुठ्ठ्यासारखे लुळे. धाकटा भाचा म्हणाला, "मामी, हे काय शिळं आहे?" सणाच्या दिवशी हे ऐकायचं म्हणजे बघा.

तर मुद्दा वाफेचा आहे. चपातीला वाफ कोंडलेली हवी म्हणजे ती मऊ राहते, वॅफलला वाफ सुटायला हवी. आपले मांडे करताना बघितलाय काय? उपड्या खापरावरनं मांडा काढला की गरम असेपर्यंत मऊ असतो, पटापट घडी घालावी लागते, आणि गार होता होता कागदासारखा कडक होतो. वॅफल पण यंत्रातनं काढल्या काढल्या थोडा नरमच लागतो, अर्ध्या मिनिटात उघड्यावर कडक होतो. तेवढं अर्ध मिनिट त्याला मोकळं सोडलं की झालं.

आता मसाला. तयार पूड आणू नका, वर्षभर दुकानात पडलेली असते, रंग येतो फक्त. रविवार पेठेतनं दिवाळीच्या मसाल्याबरोबरच थोडी दालचिनी जास्त आणतो मी. दालचिनीत दोन प्रकार मिळतात, जाड सालीची, कडक, एकाच पदराची, ती तिखट आणि झणझणीत असते, आणि दुसरी पातळ पदरांची, विडीसारखी गुंडाळलेली, हातानं चुरडते, ती गोडसर. वॅफलला दुसरी चांगली, पण महाग आहे, नसली तर जाडीच घ्या आणि थोडी कमी घाला. दोन बोटाएवढे तुकडे चार-पाच, लवंगा चारच (पाचवी घालू नका, जीभ बधीर होते आणि सगळ्याला दाताच्या औषधाचा वास येतो), दहा वेलदोड्याचे दाणे. तवा नुसता कोमट करून त्यावर मिनिटभर फिरवायचं, रंग बदलू द्यायचा नाही, गार करून मिक्सरमधनं काढायचं. चाळून घ्या बरं का, चाळणीत राहिलेली दालचिनीची कुसळं चहाला ठेवा, वॅफलमध्ये दाताखाली आली की पोरं थुंकतात. यात एक छोटा चमचा सुंठ मिसळायची. जायफळ मात्र मिक्सरमध्ये नको, शेवटी बारीक किसणीवर किसून पाव चमचा. सुंठ मुद्दाम घालतो मी, थंडीच्या सकाळी घशाला बरी लागते आणि तुपाचं जडपण जरा मारते. हा सगळा मसाला मिळून सपाट एक मोठा चमचा खालच्या पिठाला पुरतो, उरला तर दुसऱ्या दिवशी चहात.

पिठाचं माप आठ-नऊ माणसांचं सांगतो. कप म्हणजे 240 मिलीचा. मैदा 2 कप, तांदळाचं बारीक पीठ अर्धा कप, साखर 3 मोठे चमचे, बेकिंग पावडर 3 छोटे चमचे सपाट, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, आणि तो मसाला. हे कोरडं सगळं रात्रीच चाळून डब्यात भरून ठेवा, सकाळी ओवाळायच्या गडबडीत मोजामोजी जमत नाही. ओलं म्हणजे दाट ताक 2 कप, अंडी 3, आणि वितळवलेलं लोणी किंवा तूप अर्धा कप. घरी लोणी काढत असला तर त्याच दिवशीचं ताक घ्या, आंबट असलं तर आणखी चांगलं, कारण सोड्याला आंबट लागतं, आंबट नसलं तर सोडा नुसता साबणासारखा लागतो. ताक फ्रिजमधनं आधी तासभर बाहेर काढा, थंड ताकात वितळवलेलं तूप ओतलं की तुपाचे गोळे होतात आणि मग ते मोडत बसायला लागतं.

तांदळाचं पीठ विसरू नका. माझी मधली जाऊ नेहमी विचारते, मैदाच घातला तर चालत नाही काय? चालतो की, पण कुरकुरीतपणा तांदळामुळे येतो, डोसा बघा, थालीपीठ बघा. साखर पण थोडी लागतेच, गोडीपेक्षा रंगासाठी आणि कडकपणासाठी. गूळ पिठात घालून बघितला मी दुसऱ्या वर्षी, चव छान, पण वॅफल मऊ झाले, बाहेरून लवकर काळे पडले आणि यंत्राला चिकटले. गूळ वरनं.

अंड्याचं पांढरं आणि पिवळं वेगळं करा. पिवळं ताकात आणि लोण्यात फेटून कोरड्यात ओतायचं आणि पळीनं दहा-बारा वेळा फिरवून थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं. कणिक मळायची सवय आपल्या हातात इतकी बसलेली असते की गुठळी दिसली की हात थांबत नाही, पण मैदा जितका घोटाल तितका तो चिवट होतो, आणि वॅफल चिवट झाला की रबर. गुठळ्या राहू द्या, पंधरा मिनिटं पीठ मुरलं की निम्म्या आपोआप विरघळतात. पांढरं वेगळ्या कोरड्या भांड्यात फेसून, पळी उलटी केली तरी पडत नाही एवढं झालं की शेवटी हलक्या हातानं खालून वर असं मिसळायचं, पांढरे पट्टे दिसले तरी चालतील. हे केलं नाही तरी वॅफल होतात, पण फरक पडतो, आतनं जाळीदार होतात. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल पाहिजे. तासाच्या वर ठेवू नका, बुडबुडे निघून जातात.

आमच्या सासूबाई सणात अंडं खात नाहीत, आणि शेजारच्या अक्का तर कधीच नाही. त्यांच्यासाठी अर्ध्या मापाचं वेगळं पीठ करतो, अंड्याऐवजी घट्ट दही पाव कप आणि कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, ताक थोडं हाताखाली ठेवून लागेल तसं. हे वॅफल जरा चपटे होतात पण कुरकुरीत जास्त. आणि हे आधी काढायचे, यंत्राला अंडं लागायच्या आधी. नाहीतर उगीच घरात दोन दिवस विषय चालतो.

यंत्राचं. आमचं साधं दोन चौकोनी खणांचं आहे, 750 वॉटचं. छोट्या इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत पडू नका, आणि त्याच पट्टीत मिक्सर आणि गिझर लावू नका. लाईट सारखी जाणाऱ्या गावात असाल तर गॅसवरचं लोखंडी बिडाचं वॅफलयंत्र मिळतं, दोन पाट एकमेकांवर मिटणारे, एका बाजूनं भाजलं की उलटायचं. ते काही नवीन नाही, अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट नावाच्या माणसानं 1869 मध्ये चुलीवरच्या वॅफलयंत्राचं पेटंट घेतलं होतं, विजेचं नंतर आलं. बिडाचं असलं तर डोश्याच्या तव्यासारखं आधी तेल लावून मुरवून घ्यायला पाहिजे, नाहीतर पहिले चार वॅफल तिथंच राहतात.

विजेच्या यंत्राचा हिरवा दिवा लागला की लगेच ओतायचं नाही. अजून पाच मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे, नुसता चरचरून बसला तर अजून गार आहे. तूप ब्रशनं खाचांत सगळीकडं पण पातळ लावा. पळीभर पीठ मधोमध ओतायचं, कडेपर्यंत पसरवायचं नाही, झाकण दाबलं की स्वतः जातं. जास्त ओतलं तर बाजूनं गळून ओट्यावर ओघळतं, मग ते वाळलं की चाकूनं खरवडायला लागतं.

आणि झाकण उघडायचं नाही! हे मी घरातल्या प्रत्येक माणसाला दरवर्षी सांगतो. मध्येच उघडलं की अर्धं वर चिकटतं अर्धं खाली, वॅफल पोटातनं फाटतो. बाजूनं वाफ यायला लागते, आधी भसाभसा, मग कमी, मग जवळजवळ बंद. वाफ बंद झाली म्हणजे पाणी गेलं, म्हणजे झालं. घड्याळाकडं बघायचं नाही, कडेकडं बघायचं. आमच्याकडं साडेचार-पाच मिनिटं लागतात, तुमच्याकडं वेगळं असेल. पहिला वॅफल बिघडतोच, पहिल्या डोश्यासारखा, तो करणाऱ्यानं उभ्या उभ्या खायचा, तेवढाच चहाबरोबर निवांतपणा.

काढले की जाळीवर. आमच्याकडं केकची जाळी नव्हती, मी भाकरी भाजायची लोखंडी जाळी दोन वाट्यांवर ठेवतो, खालनं हवा पाहिजे एवढंच. एकावर एक नाही, झाकण नाही, फडकं नाही. सगळ्यांना एकदम गरम वाढायचे असतील तर ओव्हन 100 अंशावर ठेवून जाळीवरच आत सरकवा, दार बोटभर उघडं. ओव्हन नसला तर ज्याचा झाला त्यानं खावा, वाट बघू नये, पंगत इथं चालत नाही. सासूबाईंना हे अजून पटत नाही.

वरनं काय, तर पॅनकेकवाला बाटलीतला पाक आणायची काय गरज आहे, ऊस आपल्याच शिवारात आहे. गुऱ्हाळ सुरू झालेलं असलं तर काकवी आणा, नसलं तर 200 ग्रॅम गूळ अर्धा कप पाण्यात उकळून, गाळून, परत चार मिनिटं. तार येऊ द्यायची नाही, गार झाल्यावर घट्ट होतोच. त्यात लिंबाचे चार थेंब आणि चिमूट मीठ. आणि लोण्याचा गोळा, पिवळं मीठाचं बटर नको, पांढरं ताजं लोणी, गरम खाचांत ठेवलं की चारी बाजूंच्या घरांत वितळून बसतं, त्यावर गुळाचा पाक सोडला की पोरं बोलायची बंद होतात. कुंदा, म्हणजे आमची दूध आटवून केलेली बेळगावी मिठाई, घरात असणारच दिवाळीला, तो गरम वॅफलवर कुस्करून घातला तर पाक घालू नका, फार गोड होतं, वरनं केळ्याचे काप पुरेत. अक्कांना मी असाच कुंद्याचा दिला होता, खाऊन कानडीत म्हणाल्या "भाळ छलो ऐती", म्हणजे फार छान आहे, आणि त्यांच्याकडनं एवढं ऐकायला मिळालं म्हणजे मार्क पूर्ण.

माझ्या यंत्रात एवढ्या पिठाचे चौदा-पंधरा निघतात. उरले तर पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत, मधी बटरपेपर घालून फ्रीजरमध्ये. खायच्या वेळी परत यंत्रातच दोन मिनिटं नाहीतर कोरड्या तव्यावर मंद आचेवर, मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथं परत तो चपातीचा डबाच होतो. यंत्र कोमट असताना ओल्या फडक्यानं पुसायचं, खाचांतलं जुन्या मऊ ब्रशनं काढायचं, नळाखाली धरायचं नाही, आणि सुरी तर लांबच, गेल्या वर्षी कुणीतरी मदत म्हणून सुरीनं खरवडलं, तेव्हापासून डावीकडच्या खणाला तूप दुप्पट लागतं. कोण ते विचारू नका, यंदा पण येणार आहे.