ओएसची गणितं सुटली म्हणजे ओएस कळलं असं नसतं

इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला एसपीओएस (सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम) लागलं की अप्पा बळवंत चौकातून पातळ गाईड आणायचं आणि राऊंड रॉबिनचे (प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रामना, आळीपाळीने सीपीयू द्यायची पद्धत) गँट चार्ट काढत बसायचं, हे सगळेच करतात. मार्क मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्यावर हिंजवडीत इंटरव्ह्यूला गेलात तर पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडाल, आत्ताच सांगून ठेवते.

शेड्युलिंग, डेडलॉक (प्रोसेस एकमेकींची वाट बघत अडकून पडणं) वगैरे दोनचार उदाहरणं केली की येतं, टेन्शन घेऊ नका. डेडलॉक टाळायचा डायकस्ट्राचा बँकर्स अल्गोरिदम ओरलसाठी पाठ करा, लिनक्स स्वतः तो वापरत नाही. गाडी खरी अडते व्हर्च्युअल मेमरीवर, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला स्वतःची वेगळी मेमरी आहे असं ओएस भासवतं त्यावर, माझी तर पार रुतली होती, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय.

सी शिकताना सांगतात की पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि आपण तो रॅममधलाच पत्ता धरून चालतो. आता हे करून बघा. इंट एक्स, किंमत ५. फोर्क करा, म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रोसेस काढा; मूळची ती पॅरेंट, नवी ती चाइल्ड. चाइल्डमध्ये एक्सला १० करा, पॅरेंटमध्ये वेट लावा (चाइल्ड संपेपर्यंत थांबायला) आणि दोन्हीकडे एक्सची किंमत आणि अ‍ॅड्रेस प्रिंट करा. अ‍ॅड्रेस शेवटच्या आकड्यापर्यंत सेम येतो, किंमत मात्र चाइल्डमध्ये १० आणि पॅरेंटमध्ये ५! प्रोग्राम परत चालवला तर अ‍ॅड्रेस बहुतेक बदलेल, पण त्या रनमध्ये दोघांचा सारखाच.

कारण तो पत्ता रॅमचा नाहीच, त्या प्रोसेसपुरता आहे. कोथरूडच्या दोन सोसायट्यांमध्ये ३०२ नंबरचा फ्लॅट असतो, तसं. मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे याचं प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं पेज टेबल असतं, ते कर्नल (ओएसचा गाभा) भरतो आणि त्यावरून खरा पत्ता काढायचं काम एमएमयू हे हार्डवेअर करतं. इंटेल-एएमडीवर साधारणपणे एक पेज ४०९६ बाइटचं. फोर्क झाल्या झाल्या दोघांची टेबलं एकाच फ्रेमकडे (रॅममधली एका पेजची जागा) बोट दाखवतात, फक्त ते पेज रीड-ओन्ली करून ठेवलेलं असतं. चाइल्ड लिहायला गेला की पेज फॉल्ट, म्हणजे हार्डवेअर अडवून कर्नलला बोलावतं, मग कर्नल तेवढ्या एका पेजची कॉपी काढतो, चाइल्डच्या टेबलात नवी नोंद करतो आणि अडलेली इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते. हेच कॉपी ऑन राइट. पेज फॉल्ट म्हणजे क्रॅश नव्हे, तुमच्या लॅपटॉपवर आत्ताही होत असतील.

आदल्या रात्री टू-एक्सवर बघितलेल्या वन-शॉट व्हिडिओतून हे कळत नाही, कोणी काही म्हणो. आयएमपीची लिस्ट पाठवणारे सीनियर पैशाला पासरी मिळतात, त्यापेक्षा 'आऊटपुट काय येईल ते आधी कागदावर लिही' म्हणणारा एखादा पकडून ठेवा, भले खडूस असेना.

विंडोजवाल्यांना फोर्क थेट मिळणार नाही, डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाका, त्यात खरा लिनक्स कर्नल असतो. त्यानंतर एमआयटीचं एक्सव्ही६ उघडा, शिकवण्यासाठीच लिहिलेलं छोटं ओएस आहे, कोड फुकट मिळतो. पहिल्यांदा वाचताना काही झेपणार नाही, चालतंय, सगळ्यांचं तसंच होतं. त्यातला फोर्क साधा आहे, सरळ सगळी मेमरी कॉपी करतो, कॉपी ऑन राइट आपण घालायचं. पेज दोघांत शेअर असताना एकाने एक्झिट केलं तर फ्रेम लगेच सोडायची नाही, रेफरन्स काउंट (ती फ्रेम किती जण वापरतायत तो आकडा) शून्य झाला की मगच, इथवर माझं आलंय. दोन कोअरवर तो काउंट एकदम बदलला की मात्र अजून पॅनिक येतोय (कर्नलच बंद पडतो), कोणी लॉक (एका वेळी एकालाच बदलू देणारं कुलूप) नीट बसवला असेल तर सांगा.