रोजच्या प्रवासासाठी आरामदायी सेडान कशी निवडावी

शोरूममध्ये उभी असताना सुखद वाटलेली गाडी रोज सकाळ-संध्याकाळच्या वाहतुकीतही तितकीच सुखद ठरेल, याची खात्री देता येत नाही. शोरूममधल्या पाच मिनिटांत माणसाला गादीचा मऊपणा, डॅशबोर्डचा गुळगुळीतपणा आणि मोठा पडदा एवढेच जाणवते. कंबर भरून येणे, डाव्या पायाच्या पोटरीत गोळे येणे, टायरच्या एकसुरी घरघरीने डोके जड होणे हे सारे चाळीस-पन्नास मिनिटांनंतर सुरू होते, आणि रोज ये-जा करणाऱ्याची खरी अडचण तिथूनच पुढची असते. म्हणून गाडी बसताक्षणी किती छान वाटते यापेक्षा तिच्यात किती वेळाने अवघडायला होते, हे पाहावे.

सेडानची बांधणी या कामाला मुळात अनुकूल आहे. डिकी प्रवाशांच्या जागेपासून वेगळी असल्यामुळे मागच्या चाकांचा आवाज आणि सामानाची खडखड आत कमी पोहोचते, आणि छत व वजन खाली असल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते. तिचा तोटाही याच गुणातून येतो, तो म्हणजे बैठक खाली असते. गुडघे किंवा कंबर दुखत असलेल्या माणसाने गाडीत बसणे आणि उतरणे लागोपाठ आठ-दहा वेळा करून पाहावे. दर वेळी दरवाजाच्या चौकटीला हात टेकून उठावे लागत असेल, किंवा मान वाकवूनही डोके छताच्या कडेला लागत असेल, तर ती गाडी बाकी कितीही चांगली असली तरी सोडून द्यावी. ही अडचण सवयीने जात नाही.

पाहणीला निघण्यापूर्वी आपल्या प्रवासाचे स्वरूप कागदावर मांडावे. एकूण अंतरापैकी किती रस्ता मोकळा आणि किती खोळंब्याचा, रस्त्याचा पृष्ठभाग कसा, गाडी उभी करण्याची जागा किती अरुंद, आणि मागच्या बैठकीवर रोज कोणी असते का, एवढ्या चार गोष्टी पुरतात. मागे कधीतरीच कोणी बसत असेल तर मागच्या पायजागेसाठी लांबलचक गाडी घेऊन ती रोज चिंचोळ्या जागेत घालण्याचा व्याप करू नये.

आता बैठकीकडे वळू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. गाडीत बसण्याआधी मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे आणि पायात रोजचेच बूट असावेत. बैठक प्रथम पूर्ण मागे आणि खाली न्यावी, आणि मग एकेक मापाने आपल्या अंगाला जुळवत आणावी. पाठ टेकून बसल्यावर ब्रेकचे पेडल शेवटपर्यंत दाबले असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठीचा कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त, साधारण १०० ते ११० अंश असावा. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे केला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे, आणि तरीही छाती व स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला येणे इष्ट असते.

हे सर्व एकाच वेळी साधत नसेल तर त्याचे कारण बहुधा स्टिअरिंगमध्ये सापडते. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग केवळ वर-खाली होते, जवळ-दूर सरकत नाही. अशा गाडीत लांब पायांच्या माणसाला एकतर पाय आखडून किंवा हात ताणून बसावे लागते आणि दोन्हींत खांदे भरून येतात. दोन्ही दिशांना हलणारे स्टिअरिंग वरच्याच श्रेणीत मिळत असेल, तर माझ्या मते सनरूफपेक्षा त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे शहाणपणाचे आहे. सनरूफच्या यंत्रणेमुळे डोक्यावरची जागा उलट दोन-तीन बोटे कमीच होते, आणि उंच माणसाला ही तूट चांगलीच बोचते.

गादी किती मऊ आहे, हा निकष फसवा आहे. फार मऊ गादीत कंबर खाली रुतते, कण्याचा नैसर्गिक बाक मोडतो आणि शरीर तोल सावरण्यासाठी नकळत स्नायू आवळत राहते. थोडी घट्ट, पण मांड्यांना शेवटपर्यंत आधार देणारी गादी सुरुवातीला कठीण वाटली तरी तासाभराने तीच बरी वाटते. गादीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांची फट राहावी. फट वीतभर असेल तर मांड्या अधांतरी राहतात, आणि अजिबात नसेल तर पोटरीकडचा रक्तप्रवाह दबतो. कमरेचा आधार पुढे-मागे करता येत असेल तर तो वर-खालीही होतो का ते पाहावे. चुकीच्या मणक्यावर टोचणारा आधार असण्यापेक्षा नसलेला बरा. डावा पाय टेकवायला पेडलांच्या बाजूला पसरट जागा आहे का आणि उजवा गुडघा बाजूच्या कठीण प्लास्टिकला घासतो का, हेही बसल्या बसल्या तपासून घ्यावे.

रस्त्याचे धक्के हा दुसरा मोठा विषय. उभ्या दिशेच्या कंपनांना मानवी शरीर सर्वांत संवेदनशील असते ते साधारण ४ ते ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार ते आठ कंपने, या पट्ट्यात, म्हणून प्रवासी गाडीची स्प्रिंग अशी बसवतात की गाडीचा सांगाडा सेकंदाला एक ते दीड वेळा, म्हणजे त्या पट्ट्याच्या बराच खाली हेलकावेल. मात्र स्प्रिंग मऊ ठेवून शॉक ॲब्सॉर्बर सैल सोडला तर गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहते आणि मागे बसलेल्याला मळमळते. चांगल्या गाडीत धक्का गोलसर होऊन आत येतो आणि एका हेलकाव्यात शांत होतो. मागचे सस्पेन्शन, म्हणजे चाके सांगाड्याशी जोडणारी स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरची यंत्रणा, दोन्ही चाकांना स्वतंत्र असेल तर एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकाला फारसा कळत नाही. दोन्ही चाकांना जोडणारा पिळदार दांडा असेल तर तो थोडाफार कळतो. तरीही केवळ माहितीपत्रकातल्या या एका ओळीवरून गाडी नाकारू नये. दांड्याचे साधे सस्पेन्शन मेहनतीने जुळवलेल्या गाड्या निष्काळजीपणे जुळवलेल्या स्वतंत्र सस्पेन्शनपेक्षा चांगल्या चालतात.

टायरचे माप मात्र प्रत्येकाने वाचावे, कारण त्यातला हिशेब कोणालाही करता येतो. १९५/६५ आर १५ या मापात टायरची रुंदी १९५ मिलिमीटर असते आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर; शेवटचा १५ हा रिमचा इंचांतला व्यास. तीच गाडी वरच्या श्रेणीत २१५/४५ आर १७ या टायरवर येते तेव्हा भिंतीची उंची सुमारे ९७ मिलिमीटर उरते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण धक्का शोषणाऱ्या रबराची आणि हवेची उंची ३ सेंटिमीटरने घटते आणि तिथे मिश्रधातूची रिम येते. दिसायला ती गाडी रुबाबदार असते. खड्ड्यात मात्र रिम वाकण्याची धास्ती वाढते आणि बारीक उंचवटेसुद्धा हाताला कळतात. रस्ता खडबडीत असेल तर एक माप लहान रिम असलेली श्रेणी निवडणे हा आराम वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि विक्रेता तो आपणहून क्वचितच सुचवतो.

रोज खोळंब्यात अडकणाऱ्याने इंजिनाच्या ताकदीआधी गिअरबॉक्सकडे पाहावे. हाताच्या गिअरची गाडी घ्यायची असेल तर क्लच शोरूममध्ये वीस-पंचवीस वेळा सलग दाबून पाहावा. गर्दीच्या तासाभरात तो त्याहून कितीतरी अधिक वेळा दाबावा लागतो. स्वयंचलित गिअरबॉक्स सगळे सारखे नसतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात द्रव असल्यामुळे मुंगीच्या चालीनेही गाडी विनाझटका सरकते. सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्या नसतात, त्यामुळे ती सर्वांत गुळगुळीत वाटते. एकदम वेग हवा असताना इंजिन एका सुरात ओरडते एवढीच तिची खोड. हे तंत्र काही नवे नाही, हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली आपल्या छोट्या ६०० या गाडीत रबरी पट्ट्यांवर ते आणले होते. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर उत्तम असतो, पण त्याचे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, असतील तर सतत थांबत-सरकत जाताना ते तापतात आणि गाडी थरथरू शकते. साध्या गिअरबॉक्सला यांत्रिक हात जोडलेली एएमटी इंधन वाचवते आणि स्वस्त पडते, मात्र प्रत्येक गिअर बदलताना डोके किंचित पुढे-मागे होते. काहींना त्याचे काही वाटत नाही, काहींना आठवड्याभरात वीट येतो.

हायब्रीड गाड्यांचा इथे वेगळा विचार करावा, कारण मंद वेगात त्या बहुतांशी मोटरवर चालतात आणि कंप जवळजवळ नाहीसा होतो. १९९७ साली आलेली पहिली टोयोटा प्रियस ही चार दरवाजांची सेडानच होती. संपूर्ण विजेवरची सेडान त्याहून शांत असते, पण बॅटरी तळाशी असल्यामुळे मागचा तळ वर आलेला असू शकतो. तसे झाले तर पाय ठेवायची खोली कमी होते, गुडघे वर येतात आणि मांड्या गादीवरून सुटतात, म्हणून मागे बसणाऱ्याला सोबत नेऊन बसवून पाहावे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर उलट वीज तयार करू लागते आणि गाडीचा वेग जोरात कमी होतो; या वीजनिर्मितीची पातळी मंद करता येते का, हेही विचारावे. चालवणाऱ्याला ती सोयीची वाटते, शेजारच्याला तिच्यामुळे उमासे येतात.

आवाजाबाबत कंपनीच्या आकड्यांपेक्षा आपल्या कानांवर विसंबावे. ध्वनी १० डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे कागदावरचा लहान फरकही प्रत्यक्षात मोठा असू शकतो. मंद वेगात इंजिन आणि बाहेरचे हॉर्न, ताशी ६०-७० किलोमीटरच्या पुढे टायर, आणि ९०-१०० च्या पुढे आरसे व काचांच्या कडांवरचा वारा असे आवाजाचे मूळ बदलत जाते. आपला प्रवास ज्या वेगात होतो त्याच वेगात, गाणी आणि पंखा बंद ठेवून, शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येते का ते पाहावे.

एसीसाठी वेगळी परीक्षा लागत नाही. उन्हात उभी असलेली गाडी किती वेळात थंड होते आणि वाऱ्याचा झोत चेहऱ्यावर न येता अंगावर फिरवता येतो का, एवढे पुरेसे आहे. तापमान बदलायला फिरवायचे बटण असेल तर उत्तम, पडद्यावर दोन पायऱ्या आत जावे लागत असेल तर चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून हटते. पुढच्या काचेच्या बाजूचा खांब किती जाड आहे आणि वळताना पादचारी त्याच्यामागे लपतो का, हेही पाहावे. गर्दीत ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय आणि पुढच्या गाडीमागे थांबून पुन्हा निघणारा क्रूझ कंट्रोल या दोन गोष्टी उजव्या पायाला खरी विश्रांती देतात.

चाचणी फेरी विक्रेत्याच्या ठरलेल्या रस्त्यावर घेऊन भागत नाही, तो रस्ता गुळगुळीत असतो म्हणूनच ठरलेला असतो. आपल्या रोजच्या वाटेवर, आपल्याच वेळेला, किमान पाऊण तास गाडी मिळावी असा आग्रह धरावा. नाहीच जमले तर ते मॉडेल दिवसभर भाड्याने घ्यावे. माहितीचा खड्डा, माहितीचा चढ आणि रोजचा सिग्नल यांवर गाडी पारखणे सोपे जाते, कारण तुलनेला जुनी गाडी लक्षात असते. परतल्यावर लगेच मत बनवू नये. उतरल्यावर कंबर सरळ करावीशी वाटते का, मान चोळली जाते का, इकडे लक्ष द्यावे. जी श्रेणी विकत घेणार तिचीच फेरी घ्यावी, कारण टायर, बैठक आणि कधी कधी सस्पेन्शनसुद्धा श्रेणीगणिक बदलते.

वापरलेली सेडान घेताना चालकाच्या बैठकीची बाहेरची कड दाबून पाहावी. तिथला फोम बसलेला असेल तर शरीर एका बाजूला कलते आणि कंबरदुखी सुरू होते. मंद वेगात खडबडीत रस्त्यावर खालून ठकठक ऐकू आली तर सस्पेन्शनचे रबरी बुश किंवा जोड झिजलेले असू शकतात. हे भाग बदलता येतात, म्हणून तेवढ्यावरून गाडी सोडू नये, खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

नवी गाडी ताब्यात घेताना टायरमधील हवा स्वतः मोजून घ्यावी. वाहतुकीसाठी आणि आवारात उभी ठेवण्यासाठी ती कधी कधी जास्त भरलेली असते, आणि तशीच गाडी घरी नेली की चाचणीत मऊ वाटलेली गाडी पहिल्याच दिवशी टणक वाटते. योग्य दाबाचा तक्ता सहसा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. त्यात कमी प्रवासी आणि पूर्ण भार यांसाठी वेगळे आकडे असतील तर रोज एकट्याने जाणाऱ्याने पहिला आकडा धरावा आणि टायर थंड असतानाच मोजणी करावी.