सिगारेट सोडल्यावरचे पहिले तीन आठवडे: या चुका टाळा

सिगारेट सोडणारे बहुतेक जण पहिल्या आठ-दहा दिवसांतच पुन्हा ओढू लागतात. याचं मूळ शरीरात आहे. निकोटिन रक्तातून फार झपाट्याने उतरतं, दर दोन तासांनी जवळपास निम्मं होतं. रात्री ११ ला शेवटची सिगारेट ओढली, तर सकाळी ७ ला तिच्यातलं निकोटिन सोळाव्या हिश्श्यावर आलेलं असतं. सकाळची पहिली सिगारेट इतकी हवीशी वाटते ती त्यामुळेच. सोडल्यानंतर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं हा त्रास पहिल्या आठवड्यात जोरात असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा ओसरतो. एवढ्या दिवसांचा बंदोबस्त आधी करून ठेवावा लागतो. निर्धार हवाच, पण कसलीही मदत न घेता नुसत्या निर्धारावर सोडणाऱ्या १०० जणांपैकी ३ ते ५ जणच पुढे टिकून राहतात.

तारीख न ठरवता, रागाच्या भरात सोडणं

खोकल्याची उबळ आली, घरात भांडण झालं, पाकीट चुरगाळून फेकलं. असं सोडलेलं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणं कठीण, कारण तयारी काहीच नसते. पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. त्या आठवड्यात घरचं लग्न, मार्चअखेरचं काम किंवा रात्रपाळी नसावी.

त्याआधीचे तीन-चार दिवस प्रत्येक सिगारेटची वेळ आणि कारण लिहा: '९.४०, चहा', '१.३०, जेवण झालं', '६.१५, साहेबांचा फोन'. कुठे तलफ येणार हे या कागदावरून आधीच कळतं, आणि सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या समुपदेशकालाही तो फार उपयोगी पडतो.

आदल्या रात्री घर, गाडी, ऑफिस सगळं साफ करा. लायटर, ॲशट्रे, स्कूटरच्या डिकीतलं अर्धं पाकीट, ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यातली एक सुटी सिगारेट. 'अडीअडचणीला असू दे' म्हणून ठेवलेली सिगारेट तिसऱ्या दिवशी हमखास हातात येते.

आधार मागताना नेमकं काम न सांगणं

'मी सिगारेट सोडतोय, जरा सांभाळून घ्या' एवढं सांगून भागत नाही. समोरच्याचं मन कितीही चांगलं असलं, तरी करायचं काय हे त्याला कळत नाही. मग तो उपदेश करतो किंवा पाळत ठेवतो. प्रत्येकाला एकेक काम वाटून द्या.

घरच्या माणसाला असं सांगा: 'दोन आठवडे मी चिडचिड करीन. आवाज चढला की वाद तिथेच थांबव आणि मला खाली एक चक्कर मारायला पाठव. ओढलीस का, असं रोज विचारू नकोस. विचारायचंच असेल तर आज कोणती वेळ जड गेली, ते विचार.'

टपरीवरच्या मित्राला: 'चहाला हाक मारत जा, पण तीन आठवडे कँटीनला जाऊ. मी मागितली तरी देऊ नकोस.' हे शेवटचं वाक्य तारखेच्या आधी, शांत डोक्याने सांगायला हवं. तलफ चढल्यावर माणूस मित्राला बरोबर गुंडाळतो. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती सहज मिळते. त्यामुळे मित्राने नाही म्हणणं हाच खरा अडसर.

तिसरा माणूस फोनसाठी. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांत उतरते, तेवढा वेळ बोलणारं कोणीतरी हवं. आधीच सोडलेला माणूस मिळाला तर उत्तम. त्याच्याशी खूण ठरवा: नुसता 'तलफ' एवढा मेसेज गेला की त्याने फोन करायचा. का, कशी, असं काही विचारायचं नाही.

घरच्यांकडून होणारी मोठी चूक म्हणजे शपथ घालणं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेनंतर एखादी सिगारेट ओढली गेली, तर ती सांगायची सोय उरत नाही. माणूस लपवू लागतो, तोंडात बडीशेप टाकून घरात शिरतो आणि आधार नेमका गरज असते तेव्हाच तुटतो. शर्टाचा वास घेणं, पाहुण्यांसमोर टोमणा मारणं यानेही तेच होतं. वडील किंवा भाऊ ओढत असतील तर त्यांनीही सोडावी असा आग्रह आत्ता नको. त्यांनी गॅलरीऐवजी खाली जाऊन ओढावी आणि पाकीट नजरेआड ठेवावं, एवढं मागा.

चौथा आधार प्रशिक्षित माणसाचा, आणि तो फुकट आहे. तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली ही सेवा सुरू झाली. पुढे मुंबईचं टाटा मेमोरियलही तिच्यात आलं. २०१८ पासून हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. बरेच जण सगळं फसल्यावर इथे फोन करतात. तो तारखेच्या आठवडाभर आधी करायचा. प्रत्यक्ष भेटून बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षात चौकशी करा. मोबाइलवर संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या.

निकोटिन गम च्युइंगमसारखा चघळणं

निकोटिन गम म्हणजे सिगारेटऐवजी थोडं निकोटिन देऊन तलफ कमी करणारा औषधी गम. 'गम खाऊन पाहिला, उपयोग नाही, उलट उचक्या लागल्या' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची खाण्याची पद्धत चुकलेली असते. भराभर चावल्यावर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग थोडा आणि मळमळ, जळजळ, उचक्या जास्त. ते गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं.

गम तोंडात टाका आणि अगदी सावकाश चावा. दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिरीसारखी तिखट चव येते, जीभ चुरचुरते. तिथेच थांबा. गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सारून ठेवा. मिनिटभराने चुरचुर गेली की पुन्हा दोन-चारदा चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास चालवायचं. मधे येणारी लाळ घटाघट गिळू नका. गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोडा काही नको, कारण तोंडात आंबटपणा आला की निकोटिन शोषलंच जात नाही. चहावर लगेच गम ही इथली नेहमीची चूक.

उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, त्यानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. एकूण १२ आठवडे. दिवसाला २४ च्या वर जायचं नाही.

लोक तलफ अंगावर काढतात, म्हणजे ती असह्य झाल्यावरच गम घेतात, दिवसाला दोन-तीन घेतात आणि आठवड्यात बंद करतात. सिगारेटचं निकोटिन मेंदूत १०-२० सेकंदांत पोचतं, गमचं वीस-तीस मिनिटांत चढतं. म्हणून गम घड्याळ लावून घ्या, आणि कागदावरच्या जड वेळांच्या आधी घ्या. 'याचंच व्यसन लागलं तर?' ही भीती समजण्यासारखी आहे, पण कर्करोग होतो तो धुरातल्या डांबरामुळे आणि इतर रसायनांमुळे. गममध्ये धूर नाही, आणि त्याचा डोस उतरवत नेता येतो.

कवळी असेल तर गम जमत नाही, निकोटिनच्या चोखायच्या गोळ्या किंवा त्वचेवर चिकटवायचा पॅच घ्या. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्यांसाठी २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आणि ७ चा दोन आठवडे, हा नेहमीचा क्रम. केस नसलेल्या, कोरड्या, तेल-पावडर न लावलेल्या त्वचेवर सकाळी लावायचा, रोज जागा बदलायची. विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर रात्री काढून ठेवा. खूप ओढणाऱ्यांना नुसत्या गमपेक्षा पॅच आणि वर गरजेपुरता गम हे जोडीने जास्त चांगलं लागू पडतं. गरोदरपण, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, छातीत दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी औषधं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि ती तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होतात. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही.

चहा-कॉफी तेवढीच ठेवणं

सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करतं. धूर बंद झाला की तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होतं. मग धडधड, हाताला कंप, रात्री दोनपर्यंत झोप नाही. हे सगळं 'सिगारेट सोडल्यामुळे' म्हणून खपतं. दिवसाला सहा चहा असतील तर तीनवर या, आणि दुपारी चारनंतर नको.

याच कारणाने काही औषधांचे डोसही बदलावे लागतात: दम्यासाठीचं थिओफायलिन, मानसिक आजारावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन. ही चालू असतील तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर वरचेवर तपासावी.

सकाळच्या पोटाकडे दुर्लक्ष

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण 'ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही' म्हणून पुन्हा सुरू करणारे खूप आहेत. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते बंद झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. हा त्रास तात्पुरता असतो. रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर कोमट पाण्यात ढवळून लगेच प्या, आणि वर आणखी पाणी प्या. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं, आणि रोज ठरलेल्या वेळी बसणं. जेवणात भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई वाढवा.

खोकलाही काही दिवस वाढतो. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा काम करू लागतात आणि कफ वर ढकलतात. कफात रक्त दिसलं किंवा छातीत दुखलं, तर मात्र सोडण्याचा त्रास म्हणून थांबू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.

हाताला चाळा म्हणून भलतंच धरणं

तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा यांतही निकोटिन असतं. सुगंधी सुपारी निरुपद्रवी समजू नका, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. विडी सिगारेटपेक्षा सौम्य नसते. 'हर्बल' सिगारेटच्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. खिशात लवंग, वेलची, सुपारी नसलेली बडीशेप किंवा भाजलेले चणे ठेवा. भूक वाढते, वजनही थोडं वाढतं, पण याच दिवसांत डाएट सुरू करू नका. दोन्ही लढाया एकदम झेपत नाहीत. दारू महिनाभर टाळा, कारण दोन पेग झाल्यावर ठरवलेलं काही आठवत नाही.

एक ओढली, म्हणजे संपलं असं समजणं

बाराव्या दिवशी एक ओढली गेली, तर अकरा दिवस वाया जात नाहीत. घात होतो तो पुढच्या विचाराने: 'आता काय, झालंच की, सोमवारपासून नव्याने.' सोमवार येईपर्यंत पाकीट संपतं. ती अर्ध्यावर असेल तर तिथेच विझवा. गम किंवा पॅच बंद करू नका, उलट ही डोस कमी पडत असल्याची खूण असू शकते. वेळ, जागा आणि सोबत कोण होतं ते कागदावर लिहा. फोनच्या माणसाला त्याच दिवशी सांगा, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं असू द्या की असं झालं तर मी येऊन सांगेन, ओरडू नका. पाकीट विकत घेतलं असेल तर उरलेल्या सिगारेटी नळाखाली धरून भिजवा आणि मगच कचऱ्यात टाका. कोरड्या टाकल्या तर रात्री पुन्हा हाताला लागतात.